एक गळा, दोन भोंगे

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा मी चौथीत होतो. औरंगाबादचे तालुके तोडले, परभणीचा परतूर घेतला आणि पाच तालुक्यांचा जिल्हा केला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद, परतूर. घनसावंगी, मंठा, बदनापूर हे तालुके पुढं झाले. आमचं गाव अंबड तालुक्यातलं, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या अंगाला. जिल्हा झाल्यानं आमच्यात फरक एवढाच पडला की पोस्टकार्डावर पत्त्याच्या खाली जि. औरंगाबाद लिहायचो, ते जि. जालना लिहायला लागलो. त्या दहा वर्षांत गाव खरं बदललं ते तीन गोष्टींनी. कालवा, कापूस आणि कॅसेट. पहिल्या दोघांवर जाणत्या लोकांनी पुष्कळ लिहिलंय. तिसरीवर मी लिहितो, कारण ती आमच्या दुकानात वाजायची.

दुकान म्हणजे शिंप्याचं. वेशीतून आत आलं की डाव्या हाताला ओटा, ओट्यावर पत्र्याचं छप्पर, आत दोन पायमशिनी. एकीवर दादा, म्हणजे माझे वडील. दुसरीवर चुलते. मी काजं करायचो, बटणं लावायचो आणि शाळा नसली की दुपारभर रेडिओची सुई इकडून तिकडं फिरवायचो. गावात रेडिओ सात-आठ तरी असतील, पण ते घरात असायचे. आमचा मर्फी दुकानात होता, म्हणून तो गावाचा होता. त्या काळी रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागायचं, वर्षाला पंधरा रुपये. दादा दरवर्षी न चुकता काढायचा. पोस्टमन स्वतः येऊन ओट्यावर बातम्या ऐकायचा, त्यामुळं न काढून भागतच नव्हतं.

आता कोण कुठं बसायचं, ते सांगतो. बागायतदार, पाटलाच्या घरातले, सोसायटीचा सेक्रेटरी, ही मंडळी आत, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून. बाकीचे ओट्यावर. सालगडी पायरीवर. आणि वस्तीतली माणसं समोरच्या लिंबाखाली, उभी. कापड आणलं, माप द्यायचं असलं, तर ती आत यायची. दादा गळ्याचं, छातीचं, कमरेचं माप घ्यायचा, वहीत नाव लिहायचा. माप झालं की माणूस परत लिंबाखाली. असं वागा म्हणून कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. सांगायची पाळीच येत नव्हती.

बुधवारी रात्री आठ वाजता सिलोन. शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा यायचा, जायचा. गाणं ऐन रंगात आलं की समुद्राची घरघर. अमीन सयानी ‘बहनो और भाइयो’ म्हणायचे. आधी बहनो. माझ्या मायला त्याचं फार होतं. "सबंध दुनियेत हा एकच बाप्या बायकांना आधी बोलवतो," असं ती म्हणायची. ती अर्थात दुकानात येत नव्हती. दुकानाच्या मागं आमचं घर, मधी पातळ भिंत. बुधवारी ती चूल त्या भिंतीच्या अंगाला सरकवल्यासारखी बसायची आणि दादा आवाज जरा वाढवायचा. दोघांनी ह्याबद्दल एकमेकांशी कधी शब्द काढला नाही.

गीतमालेची मोठी कमाल म्हणजे पायदान. कोणतं गाणं वर गेलं, कोणतं खाली आलं, ह्याच्यावर ओट्यावर पैजा लागायच्या, एका चहाच्या. मुंबईत जे गाणं वाजतंय तेच आपल्या लिंबाखाली वाजतंय, त्याच रात्री, ही गोष्ट आता कुणाला मोठी वाटणार नाही. पण आमच्याकडं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी दुपारी एस.टी.नं यायचं आणि पिक्चर चार-पाच वर्षांनी. ताजं असं एकच काही यायचं, ते गाणं.

मराठीसाठी औरंगाबाद आणि परभणी आकाशवाणी. शेतीचा कार्यक्रम, भावगीतं, लोकगीतं. ‘जैत रे जैत’ची गाणी लागली की ओट्यावरची माणसं गप्प व्हायची. पिक्चर आमच्यातल्या एकानंही पाहिलेला नव्हता, गाणी मात्र बैलामागं म्हणायचे. ती लिहिणारे ना. धों. महानोर आपल्याच मुलखातले, अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेड्याचे, आणि स्वतः शेती करतात, हे आम्हाला मराठीच्या गुरुजींनी सांगितलं. गावातल्या एका म्हाताऱ्याला ते काही खरं वाटेना. त्यानं विचारलं, "मंग त्यानला पाणी धरायला वेळ कव्हा भेटतो?"

पिक्चर यायचा तो तंबूत. अंबडला मत्स्योदरी देवीची नवरात्रात मोठी जत्रा भरते. डोंगरावर देवी, खाली पाळणे, तमाशे आणि टुरिंग टॉकीजचे तंबू. आत बाकं नाहीत, जमीन. मधी एक कनात, एकीकडं बाया, एकीकडं बाप्ये. मशीन एकच असल्यानं दर रिळाला थांबायचं, आणि रीळ तुटलं की शिट्ट्या. दुसऱ्या तंबूतल्या पिक्चरचा आवाज ह्या तंबूत यायचा. ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा बायांच्या अंगाला पडद्यापुढं नारळ फुटले आणि चपला बाहेर काढून ठेवलेल्या. हा पिक्चर १९७५ चा, आमच्या मायनं तो पाहिला १९८० च्या पुढं. तिच्या आयुष्यातला तो दुसरा पिक्चर. पहिला कोणता, हे तिला नीटसं सांगता येत नव्हतं, त्यात पाऊस होता एवढं आठवायचं.

शिंप्याच्या दुकानात पिक्चर दोनदा येतो. एकदा तंबूत, आणि मग पँटीत. अमिताभ, मिथुन, जॅकी हे सगळे आमच्याकडं टेरिकॉटच्या कापडातून आले. पोरं जालन्याहून पिक्चर पाहून यायची आणि दादाला हातानं हवेत आकार काढून दाखवायची. सुरुवातीला बेलबॉटम, बॉटम चोवीस-सव्वीस इंचाचं. वखराच्या मागं चालताना ते ढेकळांत अडकायचं. मग ते अरुंद झालं. दशक संपता संपता ढगळ बॅगी आली आणि दादानं डोक्याला हात लावला, कारण एका पँटीला दीड पँटीचं कापड आणि शिलाई तेवढीच.

‘दीवार’मधल्या अमिताभचा निळा शर्ट, पुढं गाठ मारलेला, ह्यानं तर आम्हाला लई छळलं. पोरं शर्ट लांब शिवून मागायची आणि गाठ मारायची. पुष्कळ वर्षांनी खुद्द अमिताभनंच सांगितलं की तो शर्ट शिवताना फार लांब झाला होता, शूटिंग तर सुरू करायचं होतं, म्हणून गाठ मारली. म्हणजे शिंप्याची चूक देशभर फॅशन म्हणून चालली. दादा तेव्हा हयात होता. त्याला ते सांगितलं तर म्हणाला, "त्या टेलरला शिलाई भेटली का पण?"

दादा कोंडक्यांच्या पिक्चरचं मात्र उलटं. ‘सोंगाड्या’, ‘पांडू हवालदार’, पुढं ‘आली अंगावर’, तंबू फाटेस्तोवर गर्दी. लागोपाठ नऊ पिक्चर पंचवीस आठवड्यांच्या वर चालले म्हणून त्यांचं नाव गिनीज बुकात आहे. पण त्यांची ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि लोंबती नाडी शिवून द्या म्हणून एकही पोरगा आला नाही. ती तर गावात घरोघरी होतीच. आम्हाला हसू त्याचंच यायचं की आपल्यासारखा दिसणारा माणूस पडद्यावर आहे आणि तो कुणाला भीत नाही.

१९८० ला ‘कुर्बानी’ आला. त्यातलं एक गाणं नाझिया हसननं म्हटलं. कराचीची पोरगी, राहायला लंडनला, वय पंधरा. चाल बिद्दूची, तो मूळचा बंगलोरचा. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच कळलं की ह्या गाण्यात ढोलकी-तबला नाही, काहीतरी धडधडतंय, आणि पायमशीन त्याच्या तालावर बरोबर चालतेय. चुलते त्या गाण्यावर सरळ शिवण फार भरभर मारायचे. दोन वर्षांनी ‘डिस्को डान्सर’ आला आणि बप्पी लाहिरी लग्नाच्या वरातीत घुसले. आमच्या भागातल्या बँडवाल्यांनी ते क्लॅरिनेटवर बसवलं. नवरदेव घोड्यावर, पुढं डिस्को, आणि त्याच्या पुढं कंदील धरलेला माणूस.

टीव्हीचं थोडक्यात सांगतो, त्याच्यावर सगळ्यांनीच लिहिलंय. १९८४ च्या सुमाराला देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली. आमच्या गावात पहिला टीव्ही आला तो एका मोठ्या वाड्यात. बांबूवर ॲन्टेना, एक जण वर, एक जण अंगणात, "आलं का?" "आलं, आलं, गेलं!" दिसायचं ते दिल्लीचं हिंदी. मुंबई दूरदर्शनच्या मराठी नाटकांची नावं आम्ही पाहुण्यांच्या तोंडून ऐकायचो. २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ लागलं, तेव्हा रविवारी सकाळी वाड्यात चपला मावत नव्हत्या. टीव्हीला हार, पुढं उदबत्ती. वाड्याचा दरवाजा उघडा असायचा. पण लिंबाखाली उभी राहणारी माणसं तिथंही उंबऱ्याच्या बाहेरूनच मान लांब करून पाहायची, आणि पुढच्याच्या डोक्यामुळं त्यांना अर्धा राम दिसायचा.

रेडिओ, तंबू, टीव्ही, सगळ्यांचं असं होतं. वस्तू कुणाची तरी, जागा कुणाची तरी, आपण तिथं जायचं आणि आपल्याला नेमून दिलेल्या ठिकाणी बसायचं. सुई कोणत्या स्टेशनवर लावायची हे ज्याची वस्तू तो ठरवणार. कॅसेटनं हे मोडलं. कसं, ते मी पाहिलंय.

आधी ताटलीएवढ्या रेकॉर्डी होत्या, एच.एम.व्ही.च्या, कुत्र्याचं चित्र असलेल्या. त्या फक्त मंडपवाल्याकडं. ऐंशीनंतर टेप देशातच बनू लागले, नवीन कंपन्या निघाल्या. गुलशनकुमारची टी-सिरीज १९८३ ची. कॅसेटी स्वस्त झाल्या आणि मोठ्या कंपन्यांनी ज्यांना कधी विचारलं नसतं असे गाणारे एकदम बाजारात आले. लोकगीतं, भक्तिगीतं, भीमगीतं, कव्वालीचे सामने. आनंद शिंद्यांचं पोपटाचं गाणं तर इतकं वाजलं की आमच्याकडच्या एका नवरदेवानं ते वाजल्याशिवाय घोड्यावरून उतरणार नाही म्हणून हट्ट धरला.

आमच्या दुकानात टेप आला तो कापसाच्या चुकाऱ्यावर. चुकारा आला की लोक उधारी फेडायचे. त्या साली कालव्याचं पाणी भेटलं होतं, कापूस बरा झाला, आणि दादाकडं एकदम चार पैसे आले. टू-इन-वन घेतला, सहा सेलचा. सेल उतरले की उन्हात ठेवायचे, अजून दोन दिवस चालायचे. रीळ अडकलं की पेन्सिल घालून फिरवायचं. ते काम माझ्याकडं.

कॅसेट तयार मिळायची, तशी भरूनही मिळायची. जालन्याला दुकानदाराकडं गाण्यांची यादी द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं, आणि आठ दिवसांनी न्यायची. दादा दर पंधरा दिवसाला अस्तर, बटणं, दोरा आणायला जालन्याला जायचा. आषाढाच्या आधी एकदा त्यानं चिठ्ठीवर एकच ओळ लिहून दिली. ‘प्रल्हाद शिंदे, नव्वदची.’

प्रल्हाद शिंदे कोण, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. मंगळवेढ्याकडचा माणूस. भारदस्त, मोकळा गळा. आषाढी आली की आमच्या मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून पहाटे चार वाजता तोच गळा पंढरीची वाट सांगायचा. दिंडीत तोच, काकड्याला तोच. त्याच्याशिवाय विठ्ठल जागा होत नाही, अशी आमच्याकडच्या बायांची समजूत. आता ह्याच प्रल्हाद शिंद्यांनी बाबासाहेबांचीही गाणी म्हटलीत, आणि तीही तितक्याच जीव ओतून. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप ह्यांच्या रांगेतला हा माणूस. वस्तीत हे प्रत्येकाला माहीत होतं. गावात माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

बाजाराचा दिवस. दुकान भरलेलं. एक बाजू विठ्ठलाची झाली, पंचेचाळीस मिनिटं. मी कॅसेट पालटली. पेटी वाजली, ढोलकी वाजली, तोच गळा. आणि शब्द आले ते भीमाचे. दुकानदारानं चिठ्ठी वाचून प्रल्हाद शिंदे भरून दिले होते. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरं. त्याच्या लेखी तो एकच गाणारा होता.

हे नीट कळायला मागचं थोडं सांगावं लागेल. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आग लागली. वस्त्या जाळल्या, माणसं मारली, विहिरी बंद केल्या. १९७९ ला लाँग मार्च निघाला. नाव काही लागेना, आंदोलन काही थांबेना. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण त्या पावसाळ्यात वस्तीतली माणसं दोन महिने गावात कामाला आली नव्हती आणि त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. किराणा बंद होता. दादा रात्री मागच्या वाटेनं शिवलेले कपडे नेऊन द्यायचा. मी लहान होतो, मला वाटायचं तो फिरायला जातो. ते सगळं होऊन आठच वर्षं झालेली, आणि आता भर बाजारात, वेशीतल्या दुकानात, ह्या गाण्याचा आवाज.

आत गठ्ठ्याला टेकलेला एक जण उठला. "टेलर, ते बंद कर."

दादाचा पाय मशीनवर होता. तो थांबला नाही.

"अय टेलर. म्या काय म्हणालो?"

"ऐकू आलं, आबा," दादा म्हणाला. "कॅसेटीचे पैसे दोन्ही बाजूचे दिलेत म्या. गळा तर त्योच हाय. मघा तुम्ही मान हलवीत व्हते."

दोघं-तिघं हसले. ते हसले नसते तर पुढं काय झालं असतं, सांगता येत नाही. आबा गेले. त्यांच्या मागं आणखी चार जण गेले. ओट्यावरचे बसून राहिले, काहींनी खाली पाहायला सुरुवात केली. मी लिंबाकडं पाहिलं. तिथं नेहमी पाच-सहा जण असायचे, बाजार म्हणून त्या दिवशी पंधरा-वीस असतील. कुणी हललं नाही, कुणी काही बोललं नाही. एक म्हातारी टोपलं घेऊन चालली होती, तिनं टोपलं खाली ठेवलं आणि उभी राहिली. बाजू संपेस्तोवर उभी राहिली.

त्या दिवाळीला पाटलांच्या घरचे कपडे शिवायला अंबडला गेले. त्यांच्या भावकीचेही गेले. सुगीला धान्य देणारी सात घरं आमची तुटली. मायनं दादाला फक्त एकदा विचारलं, "कामून बंद नाही केलं?" दादा म्हणाला, "बंद करायला हात उचलला असता, तर पाय थांबला असता. शिवण वाकडी गेली असती." त्याच्या बोलण्यातलं किती खरं आणि किती उगाच, हे मला आजही उलगडत नाही. तो काही चळवळीतला माणूस नव्हता. पंढरीला जायचा. पुढं ती कॅसेट तो रोज लावायचा असंही नाही. पण लावली की दोन्ही बाजू लावायचा.

एक-दोन वर्षांनी पाटलांच्या घरचे परत आले, कारण अंबडचा टेलर शिलाई जास्त घ्यायचा.

दरम्यान वस्तीत स्वतःचा टेप आला. आमच्या तालुक्यातून दिवाळीनंतर जोड्याच्या जोड्या ऊसतोडीला जातात, सांगली, कोल्हापूर, नगरकडं. सहा महिने पाचटाच्या खोपीत काढायचे आणि उन्हाळ्यात परत. १९८७ च्या उन्हाळ्यात वस्तीतल्या सहा जोड्यांनी वर्गणी करून टेप आणला, भोंगा आणला, ॲम्प्लिफायर आणला. चौदा एप्रिल तोवर होऊन गेली होती. पण त्यांनी मे महिन्यातच भोंगा समाजमंदिरावर चढवला आणि लावला. गावात दोन भोंगे झाले, पूर्वेला एक, पश्चिमेला एक.

त्या वर्षी आषाढीला पहाटे देवळावर प्रल्हाद शिंदे लागले. थोड्या वेळानं वस्तीवर प्रल्हाद शिंदे लागले. आमचं घर बरोबर मधी. एका कानात पंढरी, एका कानात दीक्षाभूमी, आणि दोन्हीकडं तोच माणूस श्वास घेतोय. माय अंगण झाडत होती. म्हणाली, "आज हा बिचारा दमणार."

गावातले काही म्हणाले, वस्तीवाले मुद्दाम आवाज वाढवतात. वाढवत होतेच. मी एकाला विचारलं, तो माझ्या वर्गातला, आम्ही एकत्र सातवी पास झालेलो. तो म्हणाला, "तुमचा इतकी वर्षं आम्ही ऐकला ना. आम्हाला कुणी विचारलं व्हतं का, आवाज बराबर हाय का म्हणून?" मला तेव्हा ह्याचं उत्तर सुचलं नाही.

हाच मित्र पुढं औरंगाबादला कॉलेजला गेला. १९८८ ला ‘अशी ही बनवाबनवी’ आला. आमच्या गावात तो गणपतीच्या व्हिडिओवर, पुढच्या साली. भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्ही.सी.आर. आणायचा, रात्रीतून तीन पिक्चर पाहायचे, पहाटेच्या तिसऱ्याला निम्मे झोपलेले. ह्या पिक्चरला मात्र कुणी झोपलं नाही. पुण्यात खोली मिळेना म्हणून सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसतात, मालकिणीला जोडपी हवीत म्हणून. अशोक सराफला पाहून माणसं लोळली. मित्र सुट्टीला आलेला, माझ्याशेजारी बसून तोही पोट धरून हसला. संपल्यावर घरी जाताना म्हणाला, "ह्यांचं बरंय. साडी नेसून भागलं." औरंगाबादेत त्यानं अकरा खोल्या पाहिल्या होत्या. सगळीकडं आडनाव विचारलं, आणि मग खोली कालच गेली असं सांगितलं. हा पिक्चर मी त्यानंतर कितीतरी वेळा पाहिलाय आणि दर वेळी हसलोय. पण धनंजय माने खोली शोधायला निघाला की मला हा मित्र आठवतो.

चौदा एप्रिलची मिरवणूक आमच्या गावात वस्तीतून निघून कालव्याच्या कडेनं फिरून परत वस्तीत जायची. वेशीतून यायची नाही. दर साली वेशीचा विषय निघायचा, दर साली पोलीस पाटील, सरपंच बसायचे आणि कालव्याची वाट कायम व्हायची. गाण्याला मात्र वाट लागत नव्हती. भोंगा वस्तीत आणि गाणं वेशीत, देवळात, वाड्याच्या आत. वाड्यातली लहान पोरं ती गाणी म्हणायला लागली, शब्द न कळता. एकाला त्याच्या आजीनं त्यावरून मारलं, तर तो रडत म्हणाला, "मंग देवळावर का लावता?" त्याला दोन्हींत फरक कळलाच नव्हता.

१४ एप्रिल १९९१ ला बाबासाहेबांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. आदल्या साली त्यांना भारतरत्न मिळालेलं. त्या वर्षी मिरवणूक वेशीतून जाईल, असं वस्तीनं महिनाभर आधी सांगून टाकलं. ह्या वेळी विचारलं नाही, सांगितलं. तहसीलदार येऊन गेले, पोलीस आले. आदल्या आठवड्यात वस्तीतली पोरं दुकानात निळ्या कापडाचा सबंध तागा घेऊन आली. झेंडे, पताका, गाडीचा पडदा. ती आत आली आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर बसली. दादानं कुणाला उठ म्हटलं नाही की बस म्हटलं नाही, पट्टी घेऊन झेंड्याची मापं विचारायला लागला. मी तेव्हा बी.ए.ला, सुट्टीला आलेलो, चौथी-पाचवी रात्र आम्ही दिवा लावून पताकाच शिवत होतो. चुलते म्हणाले, निळा दोरा संपला. जालन्याहून आणला.

मिरवणूक सायंकाळी आली. बैलगाडीवर फोटो, गाडीत टेप, बॅटरीवर भोंगा. देवळावरचा भोंगा त्या दिवशी बंद ठेवला होता. वाड्याचं दार लावलेलं. काही घरांच्या खिडक्यांत बाया होत्या. गाडी आमच्या दुकानापुढं आली तेव्हा कॅसेटीची बाजू संपली आणि पोरगं ती पालटायला लागलं. मधी अर्धा मिनिट नुसती बैलांची घुंगरं आणि पोलिसांच्या बुटांचा आवाज. मग पुन्हा पेटी, ढोलकी, आणि प्रल्हाद शिंदे.

दुसऱ्या दिवशी पोरं हिशोबाला आली. त्यातल्या एकानं म्हटलं, "दादा, जयंतीचं काम, काही कमी करा." दादानं वही काढली, झेंडे मोजले, पताकांचे हात मोजले, दोऱ्याचे पैसे वेगळे लावले आणि शिलाई पुरी घेतली.